तिला फुकटचा वकील, मला विकतचा

समन्स घेऊन बेलिफ आला तेव्हा मी दुकानात सरकी पेंडीची पोती उतरवून घेत होतो. काष्टीच्या गुरांच्या बाजाराचा आदला दिवस. टेम्पो रस्त्यात आडवा उभा होता आणि मागून एक ट्रॅक्टरवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. बेलिफानं माझं नाव विचारलं, कागद पुढं केला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. दुकानाच्या परवान्याचं काहीतरी असेल असं समजून मी सही केली. वाचलं ते नंतर. वादी म्हणून माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं नाव होतं आणि प्रतिवादी मी होतो.

आम्ही दोघंच भावंडं. आई लवकर गेली, वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती. आजोबांपासून चालत आलेली चार एकर बागायत, एक विहीर, बांधाला लिंबाची सात-आठ झाडं. वडील हिंडतेफिरते होते तेव्हाच त्यांनी तहसीलमध्ये वाटपाचा अर्ज करून सगळी जमीन माझ्या एकट्याच्या नावावर केली. अक्काला विचारलं नव्हतं. "तिला कर्जतला काय कमी हाय?" असं वडील म्हणाले होते आणि ते खोटंही नव्हतं. दाजींचं सिमेंट-पत्र्याचं दुकान, दोन मजली घर, दारात चारचाकी. दिवाळीला अक्का यायची तेव्हा आमच्या घरातल्या कपांकडं बघून माझ्या बायकोला संकोच वाटायचा.

ती मधूनमधून म्हणायची, "माझं नाव लावा सातबाऱ्याला." मी हसण्यावारी न्यायचो. मागच्या दिवाळीला ती आलीच नाही, आणि मी फोनही केला नाही.

समन्स मी घरी नेलं. बायकोनं ते नीट, सावकाश वाचलं. ती बारावी झालेली आहे, कागदाला घाबरत नाही. शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं.

"अक्कांच्या वकीलबाईंच्या नावाखाली 'विधी सेवा समितीमार्फत' असं लिहिलंय."

"म्हंजे?"

"फुकटचा वकील. गरिबाला सरकार देतं तो."

खरं सांगतो, बहिणीनं दावा लावला याचा मला जेवढा राग आला नव्हता तेवढा या एका ओळीचा आला. दोन मजली घरातली बाई गरिबांचा वकील घेते! मी अंगणात फेऱ्या मारायला लागलो. बायको म्हणाली, बसा. मी बसलो आणि परत उठलो. त्या आठवड्यात मी कुठंच धड बसलो नाही. दुकानात गिऱ्हाईक भुसा मागायचं आणि मी पेंड मोजायचो.

चौथ्या दिवशी तालुक्याला जाऊन वकील केला. वयस्क, नावाजलेले. त्यांनी सुरुवातीला पंधरा हजार सांगितले, पुढं प्रत्येक तारखेचे वेगळे. कागद बघून म्हणाले, "वाटप वडिलांनी केलंय, नोंद मंजूर आहे. आपण म्हणायचं, जमीन संपूर्ण तुमची, तिचा काही संबंध नाही. वर्षानुवर्षं चालेल, काळजी करू नका." वर्षानुवर्षं ऐकून माझी काळजी वाढली. मी पैसे दिले आणि तिथून तडक कोर्टाच्याच इमारतीत विधी सेवा समितीचं कार्यालय शोधत निघालो. अक्कानं खोटं सांगून वकील मिळवलाय अशी तक्रार करायची होती.

कार्यालय म्हणजे जिन्याशेजारची एक खोली होती. टेबलामागं एक मध्यमवयीन बाई फायलीला दोरा ओवत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सुरू झालो. घर किती मजली, गाडी कोणती, दाजींचं दुकान केवढं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या बहिणीनं उत्पन्न खोटं सांगितलं म्हणता? त्यांना आम्ही उत्पन्न विचारलेलंच नाही."

"का न्हाई?"

"बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीत असलेला माणूस, कारखान्यातला कामगार, यांनाही नाही. वकिलाला मानधन सरकार देतं. पक्षकारानं एक रुपया द्यायचा नाही."

"आन् श्रीमंत बाई आसली तर?"

"श्रीमंत कोण, त्या की त्यांचे मिस्टर?" त्या सहज बोलल्या आणि परत सुईत दोरा घालायला लागल्या.

मला तेव्हा त्यात काही कळलं नाही. माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. मी विचारलं, "मग मला पण द्या की वकील. भांडण तर एकच हाय."

"बाकीच्या पुरुषांना उत्पन्नाची अट आहे. वर्षाला तीन लाखांच्या आत पाहिजे. तहसीलदारांचा दाखला आणा, अर्ज भरा. बसत असाल तर तुम्हालाही मिळेल." त्यांनी कोरा अर्जही काढून दिला.

तो अर्ज खिशात घालून मी मोटारसायकलवर गावाकडं निघालो तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं. दुकान भाड्याचं, त्यात सुटतं ते किती! ऊस तर खर्च वजा जाऊन... मी वाटेतच आकडेमोड केली आणि तीन लाखांच्या पुष्कळ आत बसलो.

आमच्या गावाला तलाठी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी माझा खातेउतारा, म्हणजे आठ-अ काढला, सातबारा काढला, पिकाचा रकाना बघितला. दुकानाचं विचारलं, दोन गाईंचं विचारलं. मग कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली.

"तीन लाख वीस हजार."

"मॅडम, काहीतरी चुकतंय."

"चार एकर बारमाही बागायत, तुमच्या एकट्याच्या नावावर. याच्यापेक्षा कमी कसं लिहू मी?"

"एकट्याच्या नावावर हाय, पर ती सगळी..." मी बोलता बोलता थांबलो.

"सगळी काय?"

खोलीत आणखी चार माणसं होती. कुणी पीक विम्यासाठी आलं होतं, कुणी वारस नोंदीला. सगळे माझ्याकडं बघत होते. मी आवाज खाली आणून म्हणालो, "बहीण निम्मी मागतीया."

मॅडमनी चष्मा वर केला. "मग लावा त्यांचं नाव. दोन एकरांचं उत्पन्न धरते, बसाल मर्यादेत." आणि कोपऱ्यातला एक म्हातारा खळखळून हसला.

मी बाहेर आलो. सेतू केंद्र समोरच होतं. तिथं दाखल्यासाठी स्वयंघोषणापत्र भरून घेतात. माझ्या उत्पन्नाबद्दल मी स्वतः लिहून देतो आणि खाली सही करतो, असा तो कागद. मी तिथल्या माणसाला विचारलं, यात कारण लिहिता येतं का? तो म्हणाला, जागा आहे, लिहा. माझ्यामागं वीस माणसांची रांग होती आणि त्याला मी लवकर हटायला हवा होतो. मी पेन घेतलं आणि लिहिलं: 'सदर जमीन माझ्या नावे असली तरी त्यात माझ्या बहिणीचाही निम्मा हिस्सा असल्याने माझे प्रत्यक्ष उत्पन्न कमी आहे.' खाली सही ठोकली, आधार नंबर घातला, कागद जमा केला. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की वीस हजार खाली आणायचेत.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"तुम्ही हे लिहून दिलंत?"

"दाखल्यापुरतं गं."

"आणि कोर्टात काय सांगायचंय? जमिनीत त्यांचा काही संबंध नाही म्हणून ना?"

मी चपला घातल्या, मग रात्र झालीय हे ध्यानात येऊन परत काढल्या. सकाळी दुकान न उघडताच तालुका गाठला. वकीलसाहेब कोर्टात जायला निघाले होते, काळा कोट हातात होता. मी सांगितलं तसे ते परत खुर्चीत बसले.

"तुम्हाला फुकटचा वकील पाहिजे होता?"

मी मान खाली घातली.

"ही कबुली आहे, कळतंय का? तुमच्या सहीची. समोरच्या वकीलबाईंच्या हाती हा कागद लागला तर मी उभा राहून काय बोलू? जा आणि तो कागद आधी परत आणा."

त्या दिवशी मी किती हिंडलो ते आज आठवलं तरी दम लागतो. सेतूवाला म्हणाला, अर्ज पुढं गेला. तलाठी मॅडम पंचनाम्याला शेजारच्या गावी गेल्या होत्या. मी तिकडं गेलो तर त्या तिथून तहसीलला निघालेल्या. तहसीलला पोहोचलो तर त्या मीटिंगमध्ये. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिलो. शिपाई दोनदा म्हणाला, "पाव्हणं, बसा की जरा." तीन वाजता मॅडम बाहेर आल्या.

"कागद परत मिळत नसतो. अर्ज मागे घ्यायचा तर तसं लेखी द्या."

मी दिलं. त्यांनी तो मागे घेतल्याचा कागद माझ्या स्वयंघोषणापत्राच्या वर टाचला आणि फाईल बंद केली. म्हणजे माझी कबुली तिथंच राहिली, वर आणखी एक सही घेऊन.

पुढचे दोन महिने मी त्या फाईलच्या भीतीत काढले. कुणी मोटारसायकल दुकानापुढं थांबवली की मला कोर्टाचा माणूस वाटायचा. माहितीच्या अधिकारात कुणीही कागद मागू शकतो हे मला एका गिऱ्हाइकानं सहज बोलता बोलता सांगितलं आणि त्या रात्रीपासून जेवण जाईना. तारखेला गेलं की मी अक्काच्या वकीलबाईंच्या हातातली फाईल किती जाड झाली ते बघायचो. तिशीतल्या असतील, एसटीनं यायच्या, आणि माझ्या वकिलांपुढं अजिबात दबून बोलायच्या नाहीत. फुकटचा वकील म्हणजे नावापुरता उभा राहणारा, असं मी धरून चाललो होतो. तीन तारखांत माझे वकील एकदा आले, दोनदा त्यांचा ज्युनिअर आला. त्या तिन्ही वेळा हजर होत्या. पैसे मात्र मी तिन्ही वेळा दिले.

तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थी म्हणजे एका खोलीत दोन्ही बाजूंना बसवून, तिसऱ्या जाणत्या वकिलानं समजुतीनं मार्ग निघतो का ते बघायचं. याची फी कुणालाच नव्हती, मला धरून. ठरलेल्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा मध्यस्थ आधीच्या जोडप्याचं ऐकत होते. बाहेर एकच बाकडं होतं. अक्का त्याच्या एका टोकाला एकटीच बसली होती. दाजी नव्हते. मी दुसऱ्या टोकाला बसलो, मग उठलो, पाणी पिऊन आलो, परत बसलो.

"लहानपणापासून असाच हाय," अक्का म्हणाली. "पायाला भिंगरी."

आठ-नऊ महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती. मी काय बोलावं ते न सुचून विचारलं, "दाजी न्हाई आलं?"

"त्यांना ठाऊक न्हाई."

मला नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. "काय ठाऊक न्हाई?"

"दाव्याचं. आता कळंल कुठनं तरी. पर मी सांगितलं न्हाई. माहेरी जाते म्हनून येते."

"आन् पैसा?"

"कशाचा पैसा? वकीलबाई फुकट हायेत. एकदा मी त्यांना पाचशे द्यायला गेले तर म्हनल्या, मावशी, हे घेतले तर माझी वकिलीची सनद जाईल. एसटीला बायांना अर्धं तिकीट. बाकी लागतं काय मला?"

मग मी जे विचारायचं ते विचारलं. आवाज चढला असावा, कारण समोरून जाणारा पोलीस बघायला लागला. "दाजींकडं एवढं हाय, आन् तू गरिबाचा वकील घेतीस? लोकं काय म्हनत असतील?"

अक्कानं पोलीस पुढं जाऊ दिला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "त्यांच्याकडं हाय. माझ्याकडं काय हाय सांग. घर त्यांचं, दुकान त्यांचं, गाडीत बसायचं तर इचारून बसायचं. मी हो म्हनले आसते तर त्यांनी कधीच वकील लावला आसता. दोन वर्षं मागं लागलेत, हिस्सा माग, इकून टाकू, दुकानात घालू. म्हनून तर मी त्यांना न्हाई सांगितलं. त्यांच्या पैशानं जमीन घेतली आसती तर ती त्यांची झाली आसती. मला माझी पायजे, बाबा. एवढंच. उद्या कुनी ऊठ म्हनलं तर उठून जायला कुठंतरी आसावं."

खोलीतून आधीच्या जोडप्यातल्या बाईचा रडण्याचा आवाज येत होता. या वेळी मी उठलो नाही. वडील ज्याला 'काय कमी हाय' म्हणाले होते त्या घरात माझी बहीण तीस वर्षं विचारून गाडीत बसत होती, आणि मी दर दिवाळीला त्या गाडीकडं बघत होतो.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी लिहून दिलं हुतं एकदा. तुजा निम्मा हिस्सा हाय म्हनून."

तिनं वळून बघितलं. "कुनाला?"

"तलाठ्याला."

"का?"

"माजं उत्पन्न कमी दिसावं म्हनून. मला बी फुकटचा वकील पायजे हुता. तुज्यासंगं भांडायला."

अक्का आधी हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसली. मग हसणं थांबलं, आणि तिनं डोळे पुसले. ते पाणी हसण्यानं आलं होतं की कशानं, मला सांगता येणार नाही.

"तलाठ्याला सांगितलंस," ती म्हणाली. "मला सांगायला काय झालं हुतं?"

तेवढ्यात आमचा पुकारा झाला.

आत गेल्यावर माझे वकील त्यांचं ठरलेलं बोलायला लागले, वाटप झालेलं आहे, नोंद जुनी आहे. मी म्हणालो, "साहेब, राहू द्या. तिचा हिस्सा हाय." ते माझ्याकडं असे बघत राहिले, जसं काही मीच त्यांच्याविरुद्ध दावा लावलाय. मध्यस्थांनी पाणी मागवलं. अक्काच्या वकीलबाईंनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि पेन उघडलं.

म्हणून सगळं लगेच गोड झालं असं नाही. हिस्सा कबूल केला, पण कुठला, यावर आम्ही तीन बैठका भांडलो. विहीर माझ्या बाजूला होती. मी म्हणालो, खालची दीड एकर घे. ती म्हणाली, दोन म्हणजे दोन. मी रस्त्याकडची बाजू सोडायला तयार नव्हतो. एका बैठकीत मी रागानं बाहेर निघून गेलो आणि एसटी स्टँडपर्यंत चालत जाऊन परत आलो. शेवटी खालची दोन एकर तिची, विहिरीचं पाणी आठवड्यात तीन दिवस तिचं, आणि तिच्या रानात जायला माझ्या बांधावरून वाट, असं ठरलं. तडजोडीचा कागद झाला, कोर्टानं त्यावर हुकूम केला. तिचा खर्च झाला एसटीच्या अर्ध्या तिकिटांचा. माझा किती झाला ते मी बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही.

मोजणी झाली, दगड रोवले गेले, सातबाऱ्याला तिचं नाव लागलं. अक्कानं पहिल्या वर्षी ज्वारी केली. ती माणसं लावते, पण पेरणीला आणि खुरपणीला स्वतः येते. दुपारी माझ्या बायकोबरोबर जेवते. माझ्याशी पाण्याचं, खताचं बोलते, त्यापलीकडं फारसं नाही. मीही नाही. चांगलं झालं असं मी सगळ्यांना सांगतो आणि सांगताना मला ते खरं वाटतं. पण तिच्या रानात माणसं दिसली की मी हातातलं काम टाकून उगाच बांधावर जाऊन येतो.

गेल्या महिन्यात दाजी आले. त्यांची चारचाकी वाटेवर उभी होती आणि बरोबर पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस होता. जमिनी घेऊन प्लॉट पाडणारा असावा, कारण तो पावलं टाकून अंतर मोजत होता. मी माझ्या उसाला पाणी धरत होतो. वाऱ्यावर अर्धंच बोलणं ऐकू येत होतं. दाजी हातवारे करत होते. अक्का कमरेवर खुरपं खोचून उभी होती. मी दोनदा त्यांच्या दिशेनं निघालो आणि दोनदा परत फिरलो. मी तिथं जाऊन कोण म्हणून बोलणार होतो?

"इकायची न्हाई," एवढं मला स्वच्छ ऐकू आलं. मग पुन्हा तेच, तेवढ्याच आवाजात.

गाडी धुरळा उडवत गेली. अक्का बांधावर बसली. मी जवळ गेलो. ती कमरेचं खुरपं काढून त्याची माती बोटानं खरवडत होती.

"आज पानी कुनाचं हाय?" तिनं विचारलं.

"माजं."

"मग इथं काय करतुयास? सरी फुटलीया बघ तुजी. पळ."

मी वळून बघितलं. पाणी खरंच वाटेवर आलं होतं. मी फावडं घेऊन पळालो.